सूर्याला मेन स्विच नसतो

आमच्या आईचे वय ब्याऐंशी. कान आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झाली आहेत. पण नाक मात्र अजून शाबूत आहे. माळ्यावरच्या आढीतला पहिला आंबा पिकला की तो आधी तिला कळतो, मग आम्हाला. दूध उतू जायच्या बेताला आले की ती माजघरातून हाक मारते आणि ती हाक सहसा चुकत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण २०२४ च्या आश्विनात आमचे घर वाचले ते या नाकामुळे. त्या नाकावर आम्ही पहिली दहा मिनिटे विश्वास ठेवला नाही, हेही सांगितले पाहिजे.

दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. रात्री परतीच्या पावसाची एक दांडगी सर येऊन गेली होती आणि सकाळी आभाळ धुऊन निघाल्यासारखे स्वच्छ. दहाच्या सुमारास उन्हाचा असा चटका बसू लागला की रत्नागिरीकरांनाच तो ठाऊक. कॉलेजला सुट्टी होती, मी पेपर वाचत बसलो होतो.

“काहीतरी जळतंय रे,” आई म्हणाली.

आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरात जाऊन पाहिले. गॅस बंद होता. चिरंजीव म्हणाले, “आजी, बाहेर कुणीतरी कचरा पेटवला असेल.” पाच मिनिटांनी आई पुन्हा म्हणाली, “अरे, जळतंय.” मी पेपराच्या आडूनच ‘हो, हो’ केले. तिसऱ्यांदा मात्र ती काही बोलली नाही. काठी टेकत उठली आणि जिन्याखाली जाऊन उभी राहिली. “हे इथं,” म्हणाली.

तेथे गेल्यावर आम्हालाही वास आला. जळक्या रबराचा, नाकाला झोंबणारा. जिन्याखालच्या भिंतीवर सौरविजेचा इन्व्हर्टर बसवलेला आहे आणि त्याच्या शेजारी एक करडी प्लॅस्टिकची पेटी. त्या पेटीतून तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. पेटीपासून हातभर अंतरावर, जिन्याखालच्या कोनाड्यात, माझ्याकडे असलेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे रचून ठेवले होते.

अशा वेळी कोणताही सुशिक्षित गृहस्थ जे करील तेच मी केले. धावत जाऊन मेन स्विच बंद केला. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, घर एकदम शांत झाले. त्या शांततेत पेटीची तडतड पूर्वीपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येऊ लागली.

आता खरी भीती वाटली. वीज बंद आहे, मग हे चालले आहे कशावर?

ज्या विक्रेत्याने हे सगळे बसवले त्याला फोन लावला. तो कुणी उचलला नाही. मग आमच्या घरातली वायरिंगची कामे पंधरा वर्षे करीत आलेल्या वायरमनला लावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एका दमात सांगितले, “सर, कुणी हात लावू नका. पेटी उघडू नका, पाणी तर अजिबात मारू नका. आजींना घेऊन अंगणात बसा. ज्वाळ दिसली तर एकशे एकला फोन करा. मी येतोच.”

“अरे, पण मी मेन बंद केलाय!”

“तुम्ही महावितरणचा मेन बंद केलात, सर. सूर्याला मेन स्विच नसतो.”

वीस मिनिटांत तो कुवारबावहून आला, बरोबर एक मदतनीस. जिन्याकडे तो फिरकलाच नाही. घराच्या मागल्या बाजूने शिडी लावून दोघे गच्चीवर चढले आणि पावसाळ्यात पडवीला लावायची आमची जाड ताडपत्री दुहेरी करून त्यांनी सहाही पॅनेलांवर अंथरली. खाली तडतड थांबली. पुढे त्याने रबरी हातमोजे घालून, मीटर लावून, एकेक जोड सोडवला. पेटी उघडली तेव्हा आतला अर्धा भाग वितळून काळा गोळा झाला होता. उरलेल्या तांब्यावर देवघरातल्या न घासलेल्या पळीपंचपात्रीवर चढतो तसा हिरवा थर होता.

हे पॅनेल झाकण्याचे काम त्याने केले, तो जाणता होता म्हणून. घरच्या माणसांनी करण्यासारखे ते नव्हे. त्या दिवशी आमच्या हातून शहाणपणाची एकच गोष्ट झाली, ती म्हणजे आम्ही अंगणात जाऊन बसलो.

आता या प्रकाराचा खुलासा. मी मराठीचा अध्यापक, विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण त्या दिवसानंतर मी वायरमनला, इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या दोन स्नेह्यांना आणि नंतर पुस्तकांना इतके प्रश्न विचारले, की निदान आपल्या घरावर काय बसले आहे एवढे तरी मला समजले. ते ज्यांच्या घरावर पॅनेल आहेत किंवा बसायचे आहेत त्यांनाही समजावे असे वाटते. अशी घरे आता थोडी नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली, तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान ठेवले, आणि मारुती मंदिरापासून नाचण्याकडे जाताना ज्या गच्च्यांवर पूर्वी फक्त पाण्याच्या टाक्या आणि कुरडया दिसत, तेथे निळेकाळे पॅनेल दिसू लागले. आम्हीही त्याच वर्षीच्या मे महिन्यात बसवून घेतले. विजेचे बिल जवळजवळ नाहीसे झाले आणि आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला गच्चीवर नेऊन ते दाखवू लागलो.

गोष्ट अशी आहे की पॅनेल म्हणजे विजेचा साठा नव्हे, तो विजेचा झरा आहे. त्याच्यावर उजेड पडला की तो वाहणार. घरातला दिवा लावा अगर विझवा, महावितरणची वीज असो वा नसो, झऱ्याला त्याचे काही नाही. आमच्याकडे प्रत्येकी ५४० वॉटचे सहा पॅनेल एकापुढे एक जोडलेले आहेत. एकेकाच्या टोकांशी जवळजवळ ५० व्होल्ट असतात, सहांचे मिळून सुमारे ३०० व्होल्ट होतात. हे ३०० व्होल्ट सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत गच्चीवरून त्या करड्या पेटीपर्यंत येऊन उभेच असतात.

यात लोकांची फसगत एका गोष्टीने होते, माझीही झाली. बाहेरची लाईट गेली की आमच्यासारख्यांचा सौर इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तसा तो थांबावा असा नियमच आहे, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरातून गेलेली वीज धक्का देईल. लाईट गेली की सौरही बंद, हे आपण रोज पाहतो आणि त्यावरून सगळेच निर्जीव झाले असे समजतो. पण थांबतो तो इन्व्हर्टर. गच्चीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर जिवंतच राहते. आमच्या पेटीतला बिघाड नेमका त्या टप्प्यात होता, म्हणून मी मेन बंद केला तरी त्याला त्याची दादही नव्हती.

दुसरी गोष्ट डीसी आणि एसी या दोन प्रकारांतल्या फरकाची. घरात येणारी वीज एसी, म्हणजे दिशा पालटणारी. ती सेकंदाला शंभर वेळा क्षणभर शून्यावर येते. त्यामुळे कुठे ठिणगी पडलीच तर तिला विझायला शंभर संधी मिळतात. सूर्याकडून येणारी वीज डीसी. ती एकाच दिशेने, मध्ये कुठेही श्वास न घेता वाहते. दोन टोकांमधून एकदा ठिणगी ओढली गेली की ती ठिणगी राहत नाही, तिची कमान होते, आणि ती कमान जळत राहते. तिचे तापमान काही हजार अंशांवर जाते. तांबे १,०८५ अंशांवर वितळते, प्लॅस्टिकचे तर विचारायलाच नको. म्हणूनच चालू असलेल्या सौर वायरीचा जोड उन्हात हाताने उपसणे हे चालत्या चक्कीच्या पट्ट्यात हात घालण्यासारखे आहे. चिरंजीव त्या दिवशी ते करायला निघाले होते. “वायर ओढली की बंद होईल,” हे त्यांचे विज्ञान!

याच कारणाने डीसीच्या पेटीत बसवायचा स्विच वेगळा असतो. त्यात ती कमान तोडण्याची खास सोय असते. घरातला नेहमीचा एसीचा एमसीबी दिसायला तसाच आणि स्वस्त, म्हणून काही ठिकाणी तोच बसवून मोकळे होतात. नेहमीच्या दिवशी त्याने काही बिघडत नाही. ज्या दिवशी तो खरोखर पाडायची वेळ येते, त्या दिवशी तो आतच जळतो. आपल्या पेटीतल्या स्विचवर ‘डीसी’ अशी अक्षरे आणि आपल्या संचाला पुरेल एवढे व्होल्ट लिहिलेले आहेत की नाही, एवढे तर कोणालाही विचारून घेता येते.

आता पेटीत नेमके झाले काय? वायरमनने मला बोट लावून दाखवले. गच्चीवरून येणारी वायर पेटीत वरच्या बाजूने घातली होती. वायरीच्या अंगावरून पावसाचे पाणी ओघळते, हे कौलारू घरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. पागोळीचे पाणी दोरीवरून उतरवून हंडा भरण्याची युक्ती आमच्या आजीच्या वेळेपासून चालत आली आहे. तीच युक्ती येथे उलटी फिरली. चार महिने पाणी वायरीवरून थेंब थेंब पेटीत उतरले. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा थेंबांचा हिशेब काय करायचा! त्यात समुद्र जवळ. खाऱ्या हवेने खिडक्यांचे गज आणि दाराच्या बिजागऱ्या खाल्ल्या जातात, तेथे पेटीतल्या स्क्रूंचे काय? ओल, मीठ आणि गंज यांची मिळून अधिक आणि उणे टोकांच्या मध्ये एक पायवाट तयार झाली आणि त्या सकाळच्या कडक उन्हात वीज तिच्यावरून चालू लागली.

यावर उपाय किती साधा! वायर आधी पेटीच्या खाली झोळ देऊन उतरवायची आणि मग खालच्या बाजूने वर आत घ्यायची. पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते. जिथून वायर आत शिरते तेथे रबरी ग्लँड घट्ट आवळायचा. दहा मिनिटांचे काम आहे. आमच्याकडे ते झाले नव्हते, कारण बसवणारे कारागीर त्या दिवशी तिसऱ्या घरी आले होते आणि संध्याकाळ झाली होती. त्यांना चहा देऊन लवकर मोकळे करण्याची घाई आम्हालाही होतीच.

ऑस्ट्रेलियात या दुखण्याचा मोठा धडा मिळाला. तेथे घराघरावर सौरवीज आहे. सुरक्षिततेसाठी म्हणून गच्चीवरच, पॅनेलांजवळ, वीज तोडणारा एक स्विच बसवण्याची सक्ती करण्यात आली होती. हेतू उत्तम होता. पण तो स्विच उन्हापावसात उघड्यावर, त्याच्या पेटीत पाणी शिरू लागले आणि आग टाळण्यासाठी बसवलेला स्विचच जागोजागी आगीचे कारण होऊ लागला. शेवटी २०२१ च्या सुधारित मानकात ती सक्ती काढून टाकावी लागली. तेथल्या पावसाने हे घडवले, तर कोकणात पेटी कुठे आणि कशी बसवावी याचा विचार आपण किती करायला हवा! छपराखाली, ओल न येणाऱ्या भिंतीवर, आणि ‘आयपी ६५’ किंवा त्याहून वरच्या दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जाऊ न देणारी पेटी हवी. पेटी कितीही चांगली असली, तरी तिला वरून भोक पाडले की तिचा दर्जा त्या भोकाएवढाच राहतो.

आता माझा कबुलीजबाब. त्या पेटीने आम्हाला आधी सांगितले नव्हते असे नाही. श्रावणापासून इन्व्हर्टरवर सकाळी सकाळी लाल दिवा दिसत असे. खाली इंग्रजीत काहीतरी लिहून येई, त्यात ‘आयसोलेशन’ असा शब्द होता. चिरंजीव स्विच बंद करून पुन्हा चालू करीत. कधी त्याने, कधी आपोआप, दहा वाजेपर्यंत दिवा हिरवा होई. आम्ही समजलो, यंत्राला सकाळी उठायचा आळस आहे. वस्तुतः प्रत्येक सकाळी काम सुरू करण्यापूर्वी हे यंत्र आपल्या वायरींची तपासणी करते, कुठे वीज जमिनीकडे झिरपत नाही ना ते पाहते. पेटीत ओल असली की ते नकार देते, ऊन चढून ओल सुकली की होकार देते. अडीच महिने ते दररोज सकाळी ‘आत पाणी आहे’ असे म्हणत होते. मी वर्गात मुलांना शब्दांच्या आडचा अर्थ शोधायला शिकवतो, आणि घरी भिंतीवर लिहून आलेला सरळ अर्थ मला वाचता आला नाही. विक्रेत्याला फोन केला होता, नाही असे नाही. “पावसात होतं तसं,” असे उत्तर मिळाले आणि मला ते पटले, कारण ते पटवून घेणे सोपे होते.

तेव्हा सौर इन्व्हर्टरवर पावसाळी सकाळी लाल दिवा दिसला तर तो रोग आहे, खोड नव्हे, एवढे वाचकांनी धरून चालावे.

पाण्याइतकेच मोठे दुसरे कारण म्हणजे सैल जोड. याचे गणित मला स्नेह्याने कागदावर करून दाखवले आणि ते मला फार आवडले. आमच्या वायरीतून भर उन्हात सुमारे १३ अँपिअर वीज वाहते. एखादा जोड नीट दाबला गेला नाही आणि तेथे अर्ध्या ओहमचा अडथळा राहिला, तर १३ गुणिले १३ गुणिले अर्धा, म्हणजे जवळजवळ ८५ वॉट उष्णता त्या बोटाएवढ्या जागेत निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची डाग द्यायची सळई २५ वॉटची असते आणि ती कथील पाण्यासारखे वितळवते. तिच्या तिप्पट उष्णता प्लॅस्टिकच्या टोपणात रोज पाच-सहा तास कोंडून ठेवा, आणि असे वर्षभर चालू द्या.

पॅनेलांच्या वायरी एकमेकींना जोडण्यासाठी ‘एमसी फोर’ नावाची काळी टोपणे वापरतात. ही वेगवेगळ्या कारखान्यांची निघतात, दिसायला सारखी, एकमेकांत टक् करून बसणारीही. पण आतला धातू आणि मापे केसाएवढी निराळी. एका कारखान्याचा नर आणि दुसऱ्याचा मादी असा विजोड संसार सौर आगींच्या प्रमुख कारणांत मोडतो. शिवाय वायरीच्या टोकाला धातूची पिन घट्ट दाबण्यासाठी खास क्रिम्पिंगची पकड लागते. ती आणायची विसरली म्हणून साध्या पकडीने चेपून काम उरकलेले पुष्कळ ठिकाणी सापडेल. टोपण लावल्यावर आतले काही दिसत नाही. म्हणून बसवतानाच शेजारी उभे राहावे आणि खास पकड आणली आहे ना, टोपणे एकाच कंपनीची आहेत ना, असे विचारावे. कारागीर थोडा रागावेल. रागावू द्यावे.

आपल्या घरांची काही खास कोकणी दुखणीही आहेत. गच्चीवर पत्र्याची शेड घालून वर पॅनेल बसवण्याची पद्धत आमच्याकडे सर्रास आहे, आणि वायर पत्र्याच्या कापलेल्या काठावरून तशीच खाली सोडतात. वाऱ्याने ती हलत राहते आणि पत्रा तिला करवतीसारखा कापतो. वायरीचे कवच फाटले की ३०० व्होल्ट सगळ्या पत्र्यात. कौलारू घरात वायर माळ्यावरून नेतात, जेथे वासे-रिपा सुकून कोळ झालेल्या असतात आणि आढीचे गवत, सोडणे, जुनी लाकडे पडलेली असतात. हे तर मुळीच करू नये. वायर घराच्या बाहेरून, नळीतून आणावी. पॅनेलांच्या खाली आंब्याची पाने आणि झावळ्यांची पाती साचतात, उंदीर तेथे बिऱ्हाड करतात आणि वायरी कुरतडतात. माकडांचा उपद्रव तर सांगायलाच नको. आमच्या शेजाऱ्यांच्या पॅनेलांवर एक टोळी रोज उतरते आणि जाताना वायरींना झोके घेऊन जाते. वायरी खालून चौकटीला पक्क्या बांधलेल्या हव्यात, तेही उन्हाने न पिचणाऱ्या पट्ट्यांनी. साध्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या दोन उन्हाळ्यांत तुटून पडतात.

अर्थिंगचे प्रकरण जांभ्याच्या प्रदेशात निराळेच आहे. जांभा पाणी पितो पण धरून ठेवत नाही. वैशाखात तो कोरडा ठणठणीत होतो आणि कोरडी जमीन वीज घेत नाही. जूनमध्ये मोजलेले अर्थिंग उत्तम आणि मेमध्ये तेच निकामी, असे येथे होते. वीजवाहक सळईसाठी, डीसीसाठी आणि एसीसाठी असे तीन खड्डे करतात. त्यांचे माप उन्हाळ्याच्या शेवटी घ्यायला सांगावे. सरकारी योजनांच्या अटींत ते ५ ओहमच्या आत मागतात. पूर्वीचे लोक खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वरून पाणी सोडत, ते उगाच नव्हे. पेटीत विजेच्या लोटापासून रक्षण करणारा एक तुकडा असतो, त्याला हिरवी खिडकी असते. मेघगर्जनेच्या दिवसांनंतर ती लाल झालेली दिसली तर तो तुकडा आपले काम करून संपला, तो बदलायचा.

बॅटरीविषयी थोडे लिहितो, कारण आमच्याकडे ती नाही. पण ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात दापोली-मंडणगडकडच्या लोकांनी अंधाराचे दिवस काढले, पुढल्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ आले, आणि तेव्हापासून ‘लाईट गेली तरी चालणारी सौर’ हवी असे म्हणून बॅटरी घेणारे वाढले. ॲसिडच्या बॅटऱ्यांतून चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेटतो. जागा नाही म्हणून अशी बॅटरी देवघराच्या फळीखाली ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे, वर निरांजन तेवत होते! लिथियमच्या बॅटऱ्यांत आयर्न फॉस्फेटची जात तुलनेने शांत. पण कोणतीही असली तरी ती झोपायच्या खोलीत नको आणि जिन्याखालीही नको, कारण पळायची वाट तीच असते. हे लिहिताना मला आमचा इन्व्हर्टर कुठे होता ते आठवते.

आग लागलीच तर विझवणाऱ्यांचीही अडचण असते. १ सप्टेंबर २०१३ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या डेलान्को येथे एका प्रचंड गोदामाला आग लागली. छतावर सात हजारांहून अधिक सौर पॅनेल होते. छत विजेने जिवंत असेल या धास्तीने अग्निशामक प्रमुखांनी आपली माणसे वर पाठवली नाहीत आणि गोदाम जळून गेले. पुढल्याच वर्षीच्या अमेरिकन वीज-नियमावलीत इमारतींवरच्या सौर संचाच्या वायरी झटपट निर्जीव करण्याची सोय असलीच पाहिजे असे कलम आले. आपल्याकडच्या घरगुती संचांत ही सोय सहसा नसते. प्रत्येक पॅनेलखाली छोटा इन्व्हर्टर बसवण्याची पद्धत आहे, तिच्यात एवढे डीसी व्होल्ट गच्चीवर साठतच नाहीत, पण ती महाग पडते. तूर्त आपण एवढे तरी करू शकतो की मीटरच्या पेटीजवळ ‘या घरावर सौरवीज आहे’ अशी पाटी लावावी, म्हणजे बंबवाले वर पाणी मारण्यापूर्वी दोनदा विचार करतील.

हे सारे वाचून कुणी ठरवू नये की ही ब्याद नकोच. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी आमची हकीकत ऐकून आपला अर्जच मागे घेतला. मला ते आवडले नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने तेथल्या सुमारे वीस वर्षांतल्या आगींचा हिशेब मांडला होता. तेव्हा त्या देशात तेरा लाखांवर सौर संच होते. ज्यांत सौर संच सापडला अशा आगी साडेतीनशेच्या आसपास निघाल्या, त्यांपैकी सौर संचच ज्यांचे कारण होते अशा १२०, मोठे नुकसान झालेल्या ७५, आणि संपूर्ण इमारत जळाली अशा १०. हे प्रमाण अगदी अल्प आहे. मात्र ते जर्मन कारागिरांच्या हातचे आणि जर्मन तपासणीचे प्रमाण आहे. आपल्याकडे वायर पेटीत वरून घालणार असू, तर ते आकडे आपल्याला लागू पडतील असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आमच्याकडे आता व्यवस्था बदलली आहे. पेटी नवी, धातूची, जिन्याखालून काढून पडवीच्या आतल्या भिंतीवर. वायर खालून, झोळ देऊन. आजूबाजूला तीन फूट काही ठेवायचे नाही. दिवाळी अंक माझ्या पलंगाखाली गेले आहेत आणि त्यावरून घरात एक स्वतंत्र वाद चालू आहे. शेजारी भुकटीचे अग्निशामक नळकांडे टांगले आहे. वायरमन वर्षातून दोनदा येतो, एकदा मृगापूर्वी आणि एकदा दसऱ्यानंतर, तेही भर दुपारी, कारण जोड तापतो तो वीज वाहत असतानाच. त्याने आता उष्णता दाखवणारा छोटा कॅमेरा घेतला आहे. गरम जोड त्यात निखाऱ्यासारखा दिसतो. सौर विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करायची असते ही योजनेची अटच आहे, तेव्हा बिल देताना ती लेखी मागून घ्यावी. आम्ही मागितली नव्हती.

भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. आईला वाचता यावा म्हणून अक्षरे बोटाएवढी काढली आहेत, कारण दुपारी घरी ती एकटीच असते. वास आला किंवा आवाज आला तर: पेटीला हात लावू नये, बाहेर पडावे, फोन करावा, आणि खाली वायरमनचा व बंबाचा नंबर. तिच्यासाठी एवढेच. आमच्यासाठी खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे: वास-धूर काही नसताना संच बंद करायचा असेल तर आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच, मग डीसी स्विच; आणि परत चालू करणे वायरमन आल्यावर. आधी डीसी तोडली तर चालत्या विजेची कमान त्या स्विचला सोसावी लागते, म्हणून हा क्रम.

दिवाळीत एक काम वाढते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आधी गच्चीवर जाऊन पॅनेलांखाली पाहावे लागते. गेल्या खेपेला रॉकेटच्या तीन काड्या आणि एक अर्धवट जळलेला आकाशकंदील सापडला. पाने आदल्या दिवशी झाडून काढली होती म्हणून ठीक. चिरंजीवांनी हे काम आपणहून अंगावर घेतले आहे, आणि पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टरचा दिवा पाहिल्याशिवाय ते चहा घेत नाहीत.

जळकी पेटी अजून आमच्याकडे आहे. विक्रेत्याच्या माणसाने सांगितले होते की ती कंपनीला दाखवायला न्यायची आहे, जपून ठेवा. दोन वेळा ‘येतो’ म्हणाला. आईने ती जुन्या साडीच्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली आहे. फडके सोडले की अजून तो वास येतो असे ती म्हणते. आम्हाला तो येत नाही, पण आता आम्ही तिच्याशी वाद घालत नाही.